बेटावरची राखण

इशबेलने स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला होता. त्याचे कोपरे वर येऊ नयेत म्हणून एकावर चहाची किटली, एकावर लोण्याचं भांडं, एकावर चष्म्याचं घर आणि चौथ्यावर आई ठेवली होती. म्हणजे आईची राख. दहनगृहातून आणलेला तो तपकिरी डबा चांगलाच वजनदार होता.

"शी! उचल तो डबा," तिची मामेबहीण डोलिना म्हणाली. "आत्याला काय कागद दाबायला बसवलंस?"

"जन्मभर तिने अख्खं घर दाबून धरलं होतं. नकाशा काय जड आहे तिला?"

दोघी हसल्या आणि लगेच नकाशावर वाकल्या. आईला जाऊन अजून महिनाही झाला नव्हता.

लॉख एर्डाल सरोवरावर जायचं तर सप्टेंबर बरा, असं ठरलं. उन्हाळ्यात तिथली चिलटं माणसाला जिवंत सोडत नाहीत, आणि चिलटांपेक्षा जास्त असतात ते फोटो काढणारे पाहुणे. रविवार बाद, कारण होडीवाला टॉर्किल रविवारी देवाखेरीज कोणासाठीही हलत नसे. सोबत काय घ्यायचं, यावर डोलिनाने बराच घोळ घातला. शेवटी अंड्याचे सँडविच, थर्मासभर चहा आणि थोडी व्हिस्की, एवढ्यावर तडजोड झाली.

दिनदर्शिकेवर छापतात ना, तसलं ते सरोवर. जांभळे डोंगर, काळंशार पाणी आणि काठाजवळच झाडांनी भरलेलं एक बेट. त्या बेटावर दफनभूमी आहे, हे चित्रात दिसत नाही. आणि तिथला रिवाज तर मुळीच दिसत नाही. जो सगळ्यात शेवटी पुरला गेला, त्याने फाटकाशी राखण करायची. पुढचा येईपर्यंत त्याला विश्रांती नाही. पुढचा आला की हा सुटला. जुनी माणसं हे इतकं सहज सांगत, की ऐकणाऱ्याला हा सरकारी नियमच वाटावा.

इशबेलचा भाऊ मर्डो सव्विसाव्या वर्षी बर्फावरून मोटारसायकल घसरून गेला. त्याला पुरायचं होतं त्याच दिवशी मॅकाय म्हाताऱ्याचीही अंत्ययात्रा होती. दोन्ही शवपेट्या एकाच वेळी धक्क्यावर आल्या, आणि होडी एकच. अशा वेळी तिकडची शहाणी माणसं धक्काबुक्की करून पुढे घुसतात, त्यात कोणाला लाज वाटत नाही. पण डोलिनाचे वडील, हेक्टरमामा, पडले सभ्य गृहस्थ. त्यांनी टोपी काढली आणि मॅकाय मंडळींना म्हणाले, "आधी तुम्ही."

मर्डो शेवटचा ठरला. पुढच्याच वर्षी बेटाची जमीन खचते म्हणून तिथे शवपेट्या पुरायला बंदी आली. मग पुढचा कोणी आलाच नाही.

आई त्या दिवसानंतर आपल्या भावाशी मरेपर्यंत बोलली नाही. कडाक्याची थंडी पडली की ती खिडकीशी उभी राहून म्हणायची, "आज पोराचे पाय गारठले असतील." चर्चमध्येसुद्धा जो मुलगा दोन मिनिटं स्थिर उभा राहत नसे, तो वर्षानुवर्षं फाटकाशी उभा आहे, हे तिला सहन होत नव्हतं. बेटावर राख पुरायला मात्र परवानगी होती. देहाला आग लावणं हे तिच्या लेखी महापाप. तरी शेवटच्या आजारात तिने इशबेलचा हात धरला आणि म्हणाली, "मला जाळा. पण तिथे पुरा. मी उभी राहीन."

इशबेलचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तिला कुतूहल होतं, आणि ते अविश्वासापेक्षा मोठं होतं. लहानपणी मेलेला बेडूक पुन्हा उठतो का, हे पाहायला ती अर्धा दिवस बसून राहिली होती. शिवाय मर्डो तिचा एकुलता एक भाऊ होता. खरं असेल तर त्याला सोडवायला हवं, आणि खोटं असेल तर आईचा शब्द तरी राहील, असा तिचा साधा हिशेब होता.

ठरल्या दिवशी दुपारी ऊन पडलं होतं. पाणी इतकं निवांत होतं, की डोंगर त्यात उलटे उभे होते. टॉर्किल मर्डोच्याच वयाचा, त्याचा शाळासोबती.

"म्हातारीने अखेर माझ्या होडीत पाय ठेवला म्हणायचा," डबा हातात घेत तो म्हणाला. "एरवी म्हणायची, तुझ्या होडीपेक्षा टोपलीत बसून जाईन."

होडी तिघांना आणि डब्याला घेऊन अलगद निघाली. बेट जवळ आलं तसा ओल्या नेच्याचा आणि कुजक्या पानांचा वास येऊ लागला. पक्षी कुठेतरी मागेच राहिले होते.

दफनभूमीचं फाटक दोन पाख्यांचं, लोखंडी होतं. वर्षानुवर्षं इथे कोणी फिरकलं नव्हतं, तरी त्याच्या बिजागऱ्यांना गंज नव्हता. आत-बाहेर नेचा गुडघाभर माजलेला. फक्त फाटकाच्या खांबाशी एक जागा उघडी होती. तिथली माती तुडवून तुडवून गुळगुळीत झालेली, दोन पावलं मावतील एवढीच.

"मेंढ्या बसत असतील," डोलिना घाईने म्हणाली.

"बेटावर मेंढ्या कुठल्या?" टॉर्किल म्हणाला, आणि ती जागा चुकवून आत गेला.

इशबेल मात्र वाकली. तिने त्या मातीवर तळवा ठेवला. भोवतालची जमीन थंडगार होती. ही उबदार होती... कोणी आत्ताच उठून गेल्यासारखी.

टॉर्किलने मर्डोच्या दगडाशेजारी खड्डा खणला. डबा रिकामा झाला, माती लोटली गेली. व्हिस्कीचा एक घोट जमिनीला मिळाला, बाकीची टॉर्किलला.

"मर्डो," इशबेल हळू आवाजात म्हणाली, "आई आली आहे. तू सुटलास रे." एवढं बोलली आणि तिला रडू कोसळलं. इतके दिवस ती भावाला सोडवायच्या विचारात होती. आईला इथे एकटीला उभं करून जायचं आहे, हे आत्ता तिच्या ध्यानात आलं.

"हिच्यानंतर कोण येणार, टॉर्किल?"

"कोण येतंय आता? पोरं सगळी ग्लासगोला नाहीतर कॅनडात." त्याने फावडं पुसलं. "कोणीतरी शेवटचं असतंच, इशबेल."

परतताना होडी काठापासून हलेना. टॉर्किलने वल्ह्याने रेटली तेव्हा कुठे ती सुटली. पाणी होडीच्या कडेपासून जेमतेम चार बोटं खाली होतं. जाताना ते वीतभर तरी खाली होतं. टॉर्किलच्या कपाळावर घाम आला.

"आत पाणी शिरलंय का?" इशबेलने विचारलं.

"नाही."

"मग जड का वाटतेय?"

"बोलू नकोस... नुसती बसून राहा."

मागच्या फळीवर डोलिना एकटीच होती. तरी ती अंग चोरून अगदी कडेला बसली होती. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. मध्येच कुठून तरी पेट्रोलचा आणि ओल्या लोकरीचा वास आला. इशबेलला तो वास ओळखीचा होता. तिला भीती वाटायला हवी होती, पण तिने तो छाती भरून घेतला.

धक्का आला. दोघी उतरल्या. होडी होती तशीच पाण्यात दबलेली राहिली. टॉर्किलही उतरून धक्क्यावर दोर धरून उभा होता. त्याने टोपी काढली आणि नजर खाली वळवली.

मग होडी एकदम वर आली, एखादा दणकट पुरुष उतरावा तशी. धक्क्याच्या फळ्या करकरल्या.

"झालं," इशबेल पुटपुटली. "आला घरी."

टॉर्किल दोर बांधायला वाकला, आणि होडी आणखी थोडी वर आली. अगदी थोडीशी, आजारपणात झिजलेली बाई उतरावी एवढीच.

डोलिनाने इशबेलचा दंड घट्ट धरला. "आत्यासुद्धा..."

इशबेल हसत होती आणि डोळे पुसत होती. म्हातारी कुठली उभी राहते! पोराला बखोटीला धरून घेऊन आली होती. तिच्या मनावरचा दगड उतरला. आणि उतरला तसा तिला तो प्रश्न पडला, जो पडायलाच हवा होता: दोघंही निघून आले, तर फाटकाशी आता कोण? ती वळली.

बेट समोर, उन्हात लख्ख दिसत होतं. निघताना फाटक उघडंच राहिलं होतं. वारा अजिबात नव्हता. तिघांच्या डोळ्यांदेखत फाटकाचं एक पाखं सावकाश फिरलं आणि मिटलं. मग दुसरं. आणि कोणीतरी आतून कडी घातल्याचा आवाज पाण्यावरून स्पष्ट ऐकू आला.