आठ दिवसांत बदलून मिळेल

त्या दुपारी पुस्तकवाल्याला मिळण्यासारखं फार काही नव्हतं. चिडलेलं गिऱ्हाईक न ओरडता बाहेर जावं आणि जाताना त्याच्या हातात दुसरं पुस्तक असावं, एवढंच. दुकानाचा नियमच तसा होता. पुस्तक आवडलं नाही तर आठ दिवसांत बदलून मिळेल. त्यामुळे तावातावाने येणारी माणसं रोजचीच, आणि त्यांना थंड करायचं काम याच्याकडे. ते त्याने एका साध्या युक्तीवर निभावलं होतं: गिऱ्हाईक जे म्हणेल त्याला हो म्हणायचं, फक्त गिऱ्हाइकापेक्षा थोडं जास्त मनापासून. गल्ल्यावरच्या काकू त्याला तोंडावर नंदीबैल म्हणायच्या. तो त्यालाही मान डोलवायचा.

ती आली ती ओली छत्री न मिटताच. ‘धूमकेतूवरची मुलगी’ तिने टेबलावर आपटलं. त्या वर्षी शाळा-कॉलेजात ज्याच्या त्याच्या दप्तरात असलेली कादंबरी.

“हे परत घ्या.”

“का हो, काय झालं?”

“काय व्हायचं राहिलंय! तीनशे दहा पानं ही पोरगी एकटीने धूमकेतू हाकते. इंजिन स्वतः उघडते, स्वतः जोडते. मला वाटलं, चला, कोणीतरी कामाची मुलगी लिहिली. आणि तीनशे अकराव्या पानावर एक राखाडी डोळ्यांचा मुलगा येतो, म्हणतो, ‘तू इतरांसारखी नाहीस’ – की संपलं! सुकाणू दुसऱ्याच्या हातात देऊन ही बया त्याच्या यानात जाऊन बसते. तीही कुठे, तर खिडकीपाशी!”

“खिडकीपाशी…” तो हळूच म्हणाला, “तेच तर मला सहन झालं नाही.”

तिने छत्री मिटली.

आठवडाभर ती या पुस्तकावरून घरात भांडत होती. पुस्तक वाढदिवसाला दिलं होतं पंधरा वर्षांच्या भाचीने, आणि “आत्या, तुला ना प्रेमातलं काही कळतच नाही” इथपर्यंत ऐकून घ्यावं लागलं होतं. आता जगात एक तरी माणूस निघाला होता, ज्याला ती खिडकी खुपली होती.

“तुम्ही असता तर काय केलं असतं?” त्याने विचारलं.

“त्या मुलाला म्हटलं असतं, उभा काय राहिलास, तो पाना दे इकडे.”

तो हसला. हे हसू खरं होतं. त्याच्या बाजूने जे आहे ते सांगायलाच हवं.

आठव्या दिवशी ती बदली नेलेलं पुस्तक घेऊन पुन्हा हजर.

“हेही नाही आवडलं?”

“आवडलं की.”

“मग?”

“मुदत आज संपते ना… म्हटलं, वाया कशाला घालवा.”

काकूंनी पावतीपुस्तकात डोकं घातलं आणि तिथूनच खोकल्या.

ती दात बनवायची. डॉक्टरांकडून प्लास्टरचे साचे यायचे, त्यावर ती मेणाचे, मग चिनीमातीचे दात बसवायची. एक दात शेजारच्या दातात मिसळून जावा म्हणून दोन-दोन तास खिडकीच्या उजेडात रंग जुळवायची.

“तुमचे पुढचे दोन दात कोणी केले?” तिसऱ्या भेटीत तिने विचारलं.

“देवाने.”

“कारागीर बरा होता. डावा जरासा वाकडा बसलाय.”

“सरळ करून द्याल?”

“छे! वाकडा आहे म्हणून तर खरा वाटतो.”

खोटा दात ती हातभर अंतरावरून ओळखायची. त्याच तोंडातून येणाऱ्या शब्दांची मात्र तिने एकदाही पारख केली नाही. कशाला करेल? ते शब्द तिचेच तर होते.

‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. दुकानासमोरचा बाक त्यांचा झाला. तिला बिनसाखरेचा चहा आवडायचा, त्यालाही. तिला लांबलचक सिनेमे कंटाळवाणे वाटायचे, त्यालाही. पावसात चालताना तो छत्री तिच्याकडे इतकी कलती धरायचा की त्याचा उजवा खांदा दर वेळी भिजायचा… आणि तिला वाटायचं, हेच ते. घरी ती हे सगळं वहिनीला सांगायची.

“सगळंच जुळतं?” वहिनी कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली. “सतरा वर्षं झाली, तुझ्या दादाचं आणि माझं अजून पंख्याच्या वेगावर एकमत नाही.”

“जळतेस तू.”

“जळत नाही गं, कान देऊन ऐकतेय. भांड्याला भांडं लागलं की आवाज यायला हवा ना? तुमच्यात दुसरं भांडं आहे का, तेवढं बघ.”

तिने उशी फेकून मारली. विषय संपला.

चौथ्या महिन्यात पत्र आलं. दूरच्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात एक विभाग होता. अपघातात किंवा आजारपणात ज्यांचा जबडा, नाक, कान गेला, त्यांना तिथे नवे बनवून देत. शिकायला दोन वर्षं, जागा एकच. तिने तीनदा अर्ज केला होता. या वेळी जागा तिला मिळाली होती. उत्तर शुक्रवारपर्यंत हवं होतं.

बुधवारी, बाकावर, तिने पत्र त्याच्या हातात दिलं.

“दोन वर्षं म्हणजे… फार नाहीत ना?”

“छे, फार कसली.”

“पण कमीही नाहीत.”

“तेही आहेच म्हणा.”

“इथलं काम तसं वाईट नाही माझं.”

“मुळीच नाही. उलट छान आहे.”

“तिथे ओळखीचं कोणी नाही…”

“एकटी पडशील.”

“म्हणजे – जाऊ नको?”

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, बोटांनी त्याची बाही घट्ट धरली होती. त्या चेहऱ्यावर जे लिहिलं होतं, ते त्याने वाचून दाखवलं.

“नको जाऊस.”

आपल्याला कोणीतरी थांबवलं, या सुखात ती घरापर्यंत तरंगत गेली. शुक्रवारी नकार कळवला. सोमवारी उत्तर आलं: जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला दिली आहे, धन्यवाद.

पुढच्याच रविवारी कादंबरीचा दुसरा भाग निघाला. भाची सकाळीच दुकानात जाऊन आली आणि दारातूनच ओरडली, “आत्या! तुझा पुस्तकवाला कसला भारी आहे! मी कोण ते सांगितलंच नाही, गंमत म्हणून. त्याला म्हटलं, पहिल्या भागाचा शेवट वाचून मी ढसाढसा रडले. तर म्हणतो कसा, मीपण! ती सुकाणू सोडून जाते ना, तिथेच. म्हणाला, प्रेमासाठी इतकं सोडणारी मुलगी बघायला मिळत नाही.”

वहिनीने नणंदेकडे पाहिलं आणि हातातली घडी अर्धवटच बाजूला ठेवली.

तासाभरात ती दुकानात होती.

“तीनशे अकराव्या पानावर तू रडलास की चिडलास?”

त्याचा चेहरा उतरला. “ती… तुझी भाची होती?”

“रडलास की चिडलास? एक काय ते सांग.”

“वाचलंच नाही मी ते,” तो म्हणाला.

चार महिन्यांत त्याने बोललेलं हे पहिलं वाक्य, जे आधी तिने बोललेलं नव्हतं.

“मग खिडकी? ती सहन झाली नाही म्हणालास…”

“तू चिडून आली होतीस. ती खूश होऊन आली होती. दोघींचं मन कशाला मोडायचं? लोक इथे माझं मत विचारायला येत नाहीत गं. आपलंच मत दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला येतात. मी ऐकवतो.”

“आणि बाकावर? ‘नको जाऊस’ म्हणालास ते?”

“तुला जायचं नव्हतं. दिसत होतं ना तुझ्याकडे बघून.”

“मला भीती वाटत होती! जायचं नसणं वेगळं.” तिचा आवाज चढला, मग खाली आला. “त्या पुस्तकातल्या मुलाने तिला निदान ‘चल’ तरी म्हटलं होतं.”

“माझं प्रेम आहे तुझ्यावर,” तो घाईने म्हणाला. “हे… हे मी कोणाचं ऐकून म्हणत नाहीये.”

“असेल. मी ते विचारलं नाही. मी इथे राहावं असं तुला वाटत होतं का? तुला. स्वतःला.”

त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ही नजर तिला आता कळली. बाकावरही तो असाच बघत होता – आधी डोळे, मग ओठ, मग पुन्हा डोळे. उत्तर शोधत.

तिने चेहरा कोरा केला. भुवई नाही, ओठ नाही, पापणीसुद्धा नाही. आयुष्यभर प्लास्टरचे जबडे हाताळणाऱ्या बाईला ते अवघड नव्हतं. अवघड होतं ते पुढचं: थांबणं. ती थांबली. बाहेर एक गाडी चिखल उडवत गेली. काकूंच्या हातातलं पेन वर राहिलं. त्याने ओठ उघडले, मिटले, तिच्या उजव्या डोळ्यात पाहिलं, डाव्यात पाहिलं… कुठेच काही लिहिलेलं नव्हतं.

“तू… तू म्हणशील तसं,” तो म्हणाला.

ती निघाली. त्याने हाक मारली नाही. मारायला हवी की नको, हे विचारायला समोर कोणी राहिलं नव्हतं.

दुकानाचं काही गेलं नाही. दुसरा भाग हातोहात खपला. भाचीचं रडणंही गोडच राहिलं, कारण आत्याने तिला काही सांगितलं नाही. रुग्णालयात यादीतली पुढची मुलगी रुजू झाली आणि पहिल्याच महिन्यात एका माणसाचा कान बनवायला बसली. पुस्तकवाल्याचं बरंच गेलं असावं. पण आपल्याला काय हवं होतं हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला काय गेलं हे तरी कसं कळावं?

राहिली ती. तिची शिकायची दोन वर्षं गेली. आणि ती तिच्याकडे कोणी मागितलीसुद्धा नव्हती.