खंडेरावांचा श्रावण

"उज्वला, आपला उपास असला म्हणून दारातलं माणूस उपाशी जाता कामा नये. आणि वाढायच्या आधी विचारायचं, बाळा, की तुमच्या पोटाला काय चालतं? आपल्याला आवडतं ते पुढे ढकलणं म्हणजे वाढणं नव्हे."

आईचा हा आवाज मला अजून ऐकू येतो, साबुदाणा भिजत घालताना तर हमखास. ती गेली आणि पंचवटीत गोदावरीकडे, आमच्या गंगेकडे, उतरणाऱ्या बोळातलं तिचं फराळाचं दुकान माझ्याकडे आलं. दुकान कसलं, एक ओटा, वर पत्रे, दोन शेगड्या आणि मदतीला मालनबाई. माझे स्वतःचे नेमही पुष्कळ. सोमवार, संकष्टी, चातुर्मासात कांदा-लसूण बंद. मालनबाई म्हणायची, "लोक तुझ्या हातचं खाया येत्यात, आन तूच उपाशी! लगीन केलं असतंस तर नवऱ्याला तरी जेवताना बघितलं असतंस."

मी हसून सोडून द्यायचे.

ती ज्येष्ठातली संकष्टी होती. गिऱ्हाइकं पांगली होती, भुरभुर चालू होती, आणि मी अर्घ्याचा तांब्या घेऊन ओट्याच्या कडेला उभी होते. पंचांगातली चंद्रोदयाची वेळ कधीच होऊन गेली होती. लोक वेळ झाली की जेवून घेतात. मला मात्र चंद्र डोळ्यांनी बघायची सवय...

"निघालाय," कुणीतरी म्हणालं.

पत्र्याच्या बाहेर, पावसात एक तरुण उभा होता. उंच, शिडशिडीत, गळ्यात कारखान्याचं ओळखपत्र. चेहरा असा, की बराच काळ ऊन लागलं नसावं.

"कोण निघालाय?"

"चंद्र. त्या निंबाच्या शेंड्यावर, दोन हात. ढगामागे आहे, पण आहे."

मी पाहिलं. काळाकुट्ट ढग, दुसरं काही नाही.

"तुम्हाला ढगाच्या आरपार दिसतं वाटतं?"

"दिसतं," तो म्हणाला. इतकं साधेपणाने, जणू मी त्याला घड्याळात किती वाजले ते विचारलं होतं.

मी काहीतरी टोचून बोलणार, तेवढ्यात वारा सुटला. ढग उसवला – आणि निंबाच्या शेंड्यावर, बरोबर दोन हात, केशरी चंद्र! अर्घ्य देताना अर्धं पाणी माझ्याच पायावर सांडलं. चंद्रामुळेच, असं मी मनाला सांगितलं.

"आत या ना. भिजताय."

"बोलावलंत, आता येतो," तो म्हणाला आणि मगच ओट्यावर चढला. संस्कार चांगले दिसतायत, मला वाटलं. बोलावल्याशिवाय त्याला येताच येत नाही, हे मला पुढे कळलं.

मी खिचडीची बशी पुढे केली. त्याने हात जोडले. "माझाही उपास आहे."

"मग ही उपासाचीच आहे."

"माझ्या उपासाला चालत नाही."

"असा कसला उपास? सुटतो तरी कधी?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. डोळे गडद, आणि त्यांत कसलीतरी लाज... "ते अजून ठरायचंय," तो म्हणाला. नाक्यावर कारखान्याच्या बसचा हॉर्न वाजला. तो वळला, तेवढ्यात मी ओळखपत्रावरचं नाव वाचलं.

"खंडेराव? एवढ्या तरुण माणसाचं एवढं जुनं नाव?"

"ठेवलं तेव्हा नवंच होतं," तो म्हणाला आणि पावसात गेला.

मी जेवायला बसले, पण घास गोड लागेना. आईच्या ओट्यावरून माणूस उपाशी गेला होता.

मग तो रोज यायला लागला. दिवे लागले की हजर, बसची वेळ होईपर्यंत. सातपूरला रात्रपाळी, उजाडायच्या आत गंगेपलीकडच्या खोलीवर, दिवसा झोप. नाशकात अशा माणसाला कुणी काही विचारत नाही. तो नारळ सोलून द्यायचा, गोणी एका हाताने उचलायचा, आणि मला "उज्वलाबाई" म्हणायचा.

"बाई काय? मी काय शाळामास्तरीण आहे?"

"मग काय म्हणू?"

"नुसतं उज्वला म्हणा."

"नुसतं...?" तो विचारात पडला. "जड जाईल. सवय करतो."

मालनबाई किसणीआडून खोकायची. "सवय कराया लय येळ लागतोय गं याला!"

खायचं मात्र कधी काही नाही. चहा नाही, पाणीही नाही. आणि आषाढात एका संध्याकाळी मी घासलेली परात उभी करून पुसत होते. परातीत माझा चेहरा दिसला, मागचा दिवा दिसला. माझ्या खांद्याशी उभं राहून तो बोलत होता... आणि परातीत तो नव्हता.

परात हातातून सुटली नाही, एवढंच. मालनबाई घरी गेल्यावर मी सरळ विचारलं, "तुम्ही कोण आहात?"

त्याने लपवलं नाही. चांदवडच्या घाटात तो बैलगाडी हाकायचा, आग्रा रोडवर, इंग्रजांच्या काळात. एका तिन्हीसांजेला बैल बसला, गाडी मागे पडली, आणि अंधारातून कुणीतरी आलं. गळ्याशी दोन दात... त्यानंतर ऊन सोसेना, अन्न जाईना, वय वाढेना.

"म्हणजे सिनेमात असतात ते? व्हॅम्पायर?"

"आता नाव तरी आहे. आमच्या वेळी तेही नव्हतं."

"मग तुम्ही... माणसांचं..."

"नाही." हा एकच शब्द तो चढ्या आवाजात बोलला. मग हळू म्हणाला, "शुद्धीवर आलो त्या रात्रीच नेम केला. माणसाला दात लावायचा नाही. पलीकडच्या काठावर महेबूबचाचांचं मटणाचं दुकान आहे. बकरा कापला की रक्त त्यांना चालत नाही, मोरीतच जातं. पहाटे डबा नेतो. द्राक्षाच्या वेलींना घालतो म्हणून सांगतो."

मी, जिला कांद्याचा वास सोसत नाही, ती बसून हे ऐकत होते. घाबरले होते का? होते. पण एक माणूस इतकी वर्षं एक नेम पाळतोय, कुणी बघत नसताना, कुणी पाठ थोपटत नसताना... नेम म्हणजे काय ते मला ठाऊक आहे.

"उद्यापासून मी येऊ नको ना?" त्याने विचारलं.

"या. फक्त उपास आहे असं खोटं सांगू नका."

"ते खोटं नव्हतं. भूक रोज असते, उज्वला."

नुसतं उज्वला. मी परात पुन्हा पुसायला घेतली. ती स्वच्छच होती.

"देवाचं चालतं ना तुम्हाला?" परात ठेवून मी विचारलं.

"मला चालतं. देवाला माझं चालतं का, ते विचारायचं धाडस झालं नाही."

"मी विचारीन," मी म्हणाले.

श्रावण लागला आणि मला मान वर करायला फुरसत उरली नाही. सोमवार, शनिवार, शिवामूठ, गर्दीच गर्दी. पहिल्याच दिवशी मी दर वर्षीसारखी आईची पाटी काढली, पुसली, खिळ्याला टांगली. तिच्यावर काय लिहिलंय ते मी कित्येक वर्षांत वाचलंही नव्हतं.

खंडेराव येत होते; त्यांचा नेम कळल्यापासून मनातही मी त्यांना 'ते'च म्हणायचे. पण आधी ओट्यावर बसणारे ते पायरीशी उभे राहायला लागले, मग बोळाच्या पलीकडे. गालफडं बसली. नारळ सोलताना हात थांबायचा.

"तुझा रात्रपाळीवाला लय वाळला गं," मालनबाई म्हणाली. "आपण उपास करतोय, आन श्रावण लागलाय त्याला!"

मी विचारलं की ते म्हणायचे, "कारखान्यात काम फार आहे."

मग श्रावणातली संकष्टी आली. मालनबाई लवकर गेली. आभाळ गच्च भरलेलं, गंगेच्या पाण्याचा आवाज बोळापर्यंत येत होता. मी उद्यासाठी बटाटे किसत होते, आणि पाऊस आला म्हणून मी हट्टाने पत्र्याखाली बोलावलेले खंडेराव खांबाच्या लोखंडी पाइपला धरून उभे होते.

"निघाला का हो?" मी विचारलं.

त्यांनी डोळे बारीक करून वर पाहिलं.

"अहो, चंद्र?"

"मला... दिसत नाही आज."

मी चमकून वर पाहिलं. ढगाआडचा चंद्र ज्याला दोन हात मोजून सांगता यायचा, त्याला दिसत नाही? तेवढ्यात किसणी सरकली. बोटाला चर्रकन कापलं. रक्ताचा थेंब बटाट्याच्या पांढऱ्या किसावर पडला.

हातभर अंतर होतं आमच्यात. त्यांचे डोळे बदललेले मी पाहिले. काळे नव्हते ते, काहीच नव्हते, नुसती भूक होती. पाइप करकरला. लोखंड त्यांच्या मुठीत चुरगळत गेलं... आणि त्यांनी पाठ फिरवली. एक पाऊल, दुसरं, आणि ते पावसात, भिंतीला कपाळ टेकून उभे.

"बोट बांध," ते म्हणाले. आवाज खरवडल्यासारखा. "घट्ट बांध. मग मी जातो. इगतपुरीच्या पलीकडे, घाटातल्या रानात. माणसाचा वास येणार नाही अशा ठिकाणी."

मी पदर फाडून बोट बांधलं. "महेबूबचाचांचं दुकान बंद आहे का?"

"उघडं आहे."

"मग?"

 भिंतीला टेकलेलं कपाळ उचलून त्यांनी फक्त माझ्या डोक्यावर, पत्र्याखाली पाहिलं. मीही वर पाहिलं.

'श्रावणात सामिष खाऊन कोणीही ओट्यावर येऊ नये.'

आईचं अक्षर.

"म्हणून तुम्ही... श्रावण लागल्यापासून?"

"तुझ्या ओट्यावर यायचं होतं," ते म्हणाले. "आधी पायरीपर्यंत तरी येता येत होतं."

मला हसू आलं की रडू, अजून सांगता येत नाही. माणसं भुकेने देवाजवळ जायला बघतात. हा वेडा भुकेने माझ्याजवळ येत होता, आणि त्याच भुकेमुळे दूर सरकत होता! आणि मी? इतके दिवस शेकडो लोकांना वाढलं, पण ज्याला विचारायला हवं होतं त्याला विचारलंच नाही.

मी स्टुलावर चढले आणि पाटी खाली काढली.

"ती आईची आहे," ते घाईने म्हणाले.

"आईने पाटीच्या आधी दुसरं काही शिकवलंय मला." पाटी पालथी घालून मी पावसात उतरले. ते मागे सरकले. "जवळ येऊ नको, उज्वला."

"खंडेराव, ऐक." हे 'तू' कधी तोंडातून आलं मलाही कळलं नाही. त्यांना कळलं. ते थांबले. "तुझा नेम आज मोडला का?"

"...नाही."

"रक्त हातभर लांब होतं, आणि तू पाठ फिरवलीस. माझे सगळे उपास एका पारड्यात घातले तरी तुझ्या त्या दोन पावलांएवढे भरायचे नाहीत. रानात कशाला जायचं? रान काय तुझ्यापेक्षा नेमाचं आहे?"

"आणि पुढे? तू म्हातारी होशील. मी असाच राहीन."

"बरंच झालं की! मोतीबिंदू झाल्यावर चंद्र निघाला की नाही ते मला कोण सांगणार?"

त्या उपाशी, भिजलेल्या चेहऱ्यावर हळूच हसू उमटलं.

"उजाडायच्या आत तुझ्या खोलीवर येते," मी म्हणाले. "पारणं मी वाढणार. तू सोडलास की मी सोडेन, तोवर पाणीसुद्धा नाही."

"मी भुकेला असताना माझं दार वाजवू नकोस. हात जोडतो."

"वाजवणार नाही. उघडून आत येईन. तुला बोलावणं लागतं, मला लागत नाही."

त्याने कपाळावरचं पाणी निपटलं. मग म्हणाला, "दार नुसतं लोटून ठेवतो."

रात्री झोप लागली नाही. पहाटे उठून आंघोळ केली, देवापाशी दिवा लावला. ठरल्याप्रमाणे विचारलं, "याचं चालतं ना तुला?" ज्योत नेहमीसारखीच होती, सरळ. देव 'नाही' म्हणाला नाही. मला तेवढं पुरे होतं.

फडताळातून आईचा कडीचा डबा काढला, ज्यातून ती आजारी माणसांच्या घरी पेज न्यायची. घासून लख्ख केला. सवयीने झाकणावर ठेवायला तुळशीचं पान खुडायला गेले, आणि हात मागे घेतला. आईने सांगितलं होतं ना, त्याच्या पोटाला चालतं ते.

बोळात मालनबाई भेटली. आज ती लवकर आली होती. हातातला डबा, बांधलेलं बोट, उतरलेली पाटी, सगळ्यावर तिची नजर फिरली.

"कुठं गं येवढ्या पहाटं?"

"पलीकडे. महेबूबचाचांकडे."

"आन श्रावणात?" तिने तोंडावर हात ठेवला. मग वेगळ्याच आवाजात, "कोन उपाशी हाय का?"

"आहे."

"मंग उभी का? जा की. शेगडी मी पेटवते."

पाऊस थांबला होता. पोटात कालपासून काही नव्हतं, तरी पाय हलके पडत होते. ढगांमागे चंद्र असेलच कुठेतरी, मला दिसत नव्हता. उद्यापासून पुन्हा कुणीतरी सांगेल.

महेबूबचाचा विचारतीलच, "बेटी, तू? तुला कशाला?" सांगायचं ठरवलं होतं, माझीही एक वेल आहे, चाचा. फार जुनी, चांदवडकडची. या श्रावणात सुकत चाललीय.

डब्याची कडी घट्ट धरून मी पुलाकडे चालू लागले.