दुमडलेलं कव्हर

मंजूनं पेटी रिकामी केली. सात पुस्तकं निघाली होती. नानाजींची वही नव्हती.

वाशीमच्या त्या कॉलेजात पुस्तकं परत घेणारं यंत्र ग्रंथालयाच्या दारातच होतं. फटीत पुस्तक सरकवायचं. यंत्र त्यावरची चिप वाचतं, पावती देतं आणि पुस्तक कुलूपबंद पेटीत पडतं. किल्ली एकट्या मंजूकडे. वहीही तिच्याच आजोबांची. हातानं लिहिलेली बंजारा गाणी, हजेरीच्या रजिस्टरएवढी मोठी. तिनंच ती कॉलेजला दिली होती.

"मी काल चारला यंत्रात टाकली. ही पावती," प्राध्यापक अनुप म्हणाले. "घरची वस्तू. मोह झाला असेल पोरीला."

"मंजू, खरं सांग," ग्रंथपाल सुचिता मॅडम म्हणाल्या. "बाराला प्राचार्य पोलिसांना बोलावणार आहेत."

"म्या कायले नेऊ, मॅडम? म्याच तं देल्ली होती."

कंत्राटी नोकरी गेली तर गेली. नानाजींच्या नातीला चोर म्हणतील, याची तिला खरी धास्ती होती.

"यंत्राच्या यादीत किती हायेत, मॅडम?"

"सात. वही धरून."

"मंग वही नाई, तरी पेटीत सात कशी?"

मॅडमनी एकेक ताडून पाहिलं. सहा जुळली. सातवं, खाकी कव्हरातलं गणिताचं जुनं पुस्तक, यादीत नव्हतं. मंजूनं कव्हर उलगडलं. ते वीतभर दुमडलेलं होतं आणि कडेला लाल दोऱ्याचे तुकडे होते.

ती उठली आणि हजेरीचं रजिस्टर फटीत घालू लागली. ते जाईना.

"वहीले डिंक लावू नको, असं तुमीच म्हटलं होतं, मॅडम. म्हून म्या चिप कव्हरवर लावली अन् कव्हर लाल दोऱ्यानं शिवलं. कोणी तरी दोरा कापून ते या पुस्तकाले घातलं. यंत्रानं वही नाई, कव्हर वाचलं. वही तं या फटीत जातच नाई, मंग पेटीतून म्या काय चोरू?" भीत भीत तिनं वर पाहिलं. "पावती तुमच्या हाती हाये, सर. हे पुस्तक तुमीच टाकलं."

अनुप सर पावती खिशात घालू लागले. मॅडमनी हात पुढे केला.

"वही कुठं आहे?"

"घरी," ते पुटपुटले. "ती गाणी माझ्या नावानं छापायला दिलीत."

बाराच्या आत वही आली. मंजूला रडू आवरेना.

"घरी न्यायची असेल तर ने," मॅडम म्हणाल्या.

"नाई, मॅडम. घरी नेली तं एकटी मीच वाचीन. इथंच राहू द्या, नानाजीच्या नावानं."

आणि तिनं सुईत लाल दोरा ओवला.