माहेरची खेकडी

त्या काळी कुठलं खोरं धरणाखाली बुडवायचं हे इंजिनिअर ठरवत नसत, किडे-खेकडे ठरवत. प्रत्येक प्राण्याच्या डीएनएत एक छोटासा तुकडा असतो, त्यावरून त्याची जात ओळखता येते. दुकानातल्या पुड्यावरच्या काळ्या रेघांवरून माल ओळखावा तशी. लोक त्याला 'वंशरेघ' म्हणत. जगात दुसरीकडे नसलेली वंशरेघ ज्या खोऱ्यात सापडेल, त्याला हात लावायचा नाही असा कायदाच होता.

वाघुर्डे आणि कोंडसर, या दोनपैकी एक खोरं आता बुडणार होतं. वाघुर्ड्याच्या हौसाबाई निर्धास्त होत्या. त्यांच्या ओढ्यातला जांभळा खेकडा पंचक्रोशीत दुसरीकडे नव्हता. त्यांना काळजी होती ती कोंडसरला दिलेल्या एकुलत्या एक लेकीची, कुंदाची. तिनं नुकतंच घर बांधलं होतं.

वंशरेघ तपासायला सरकारकडून आलेल्या डॉ. शर्वरी मोकाशींनी खेकड्याच्या पायाचा तुकडा यंत्रात घातला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मावशी, ही रेघ तुमच्या ओढ्याची नाही. डोंगरापलीकडे सगळीकडे हीच आहे."

"आसं कसं? रंग बघा की त्याचा!"

"रंग बापाकडूनही येतो. ही रेघ फक्त आईकडून येते. तुमच्या जुन्या नोंदीतली रेघ आता फक्त कोंडसरला सापडतेय. इथल्या माद्या कुणी तिकडे नेल्या का? तसं कळलं तर हक्क तुमचा. वाघुर्डे वाचेल."

हौसाबाईंना कुंदाची ओटी आठवली. लेक सासरी निघाली की आई तिच्या ओटीत ओढ्यातली अंड्यांवरची खेकडी घालते. लेकीनं ती गुपचूप सासरच्या पाण्यात सोडायची, म्हणजे तिथं तिचं म्हणून कुणीतरी असतं. हे बायकाच जाणत. बोलून दाखवलं तर लेक नांदत नाही म्हणतात. हौसाबाईंनीही डोंगरापलीकडच्या माहेरची खेकडी इथं सोडली होती. आणि कुंदासाठी गुडघाभर पाण्यात उतरून सगळ्यात भरलेली निवडली होती.

"मग कोंडसर बुडंल?"

"हो."

"न्हाई बाय," हौसाबाई म्हणाल्या, "खेकडं कशाला कोन न्हेतंय?"

डॉ. मोकाशींनी यंत्र बंद केलं. त्यांनाही वाईट वाटत होतं.

बाहेर पारावर अख्खं वाघुर्डं जमलं होतं. हौसाबाई दारात दिसताच थोरली जाऊ लगबगीनं पुढं आली आणि त्यांचा हात धरून म्हणाली, "काय म्हनली गं म्याडम? वाचलो न्हवं आपुन?"