हौशीरामची सीडी

ए संदेश, तो मोबाईल आदी उलटा ठेव. गोष्ट पाहिजे म्हणता आणि डोळे तिकडं. मग आमी काय भिताडाला सांगायचं?

औंढ्याची रेणुका तुमाला ठाऊक हाय. आमच्या चुलत्याची लेक. तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं सांगतो, पदरचं एक अक्षर घालत न्हाई.

तिचा नवरा हौशीराम. भजनात असा गायचा की मृदंगवाला हात थांबवून बघत बसायचा. पुढचा दात अर्धा तुटलेला, म्हणून 'स' आला की बारीक शिट्टी वाजायची. पोरं हसायची, तोबी हसायचा. हसू नगंस रे, माणूस लय गोड व्हता. चौदा वर्षांमागं छातीत कळ आली आणि गेला बिचारा.

दहाव्याला इंद्रायणीच्या काठी पिंड मांडला, तर कावळा शिवंना. ऊन डोक्यावर आलं. पोरांना सांभाळू, रेणुकाला काय कमी पडू देणार न्हाई, सगळ्यांनी शबूद दिले. काय उपयोग न्हाई. शेवटी त्याचा जिवलग मैतर गोरख पुढं झाला. कामशेतला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान हाय त्याचं. हात जोडून म्हणला, "हौशी, तुज्या भजनाची कॅसेट माज्याकडं हाय. तुजा आवाज वयनीला पोचता करतो." त्याचं बोलणं संपायच्या आत कावळा पिंडावर!

महिन्याभरात गोरखनं सीडी करून आणली, वर प्लेअरबी दिला. रेणुकानं पयल्यांदा ऐकली तवा विचारलं, "भावजी, दाताची शिट्टी कुटं गेली?"

"मशीनमदी तेवढं गाळलं जातं, वयनी."

तिनं मानलं. आपलाच माणूस सांगतोय म्हणल्यावर का न्हाई मानणार? तवापासनं रोज सांजच्याला दिवा लागला की सीडी लागायची. झोप नसली की रातचीबी, उशाशी, बारीक आवाजात.

आता ती रात ऐका. दोन हजार पंचवीसचा जानेवारी, तेवीस तारीख, गुरुवार. दुसऱ्या दिवशी हौशीरामचं दरवर्षीचं श्राद्ध, आणि प्लेअर अडून बसलेला. म्हातारा झालेला तो. सीडी आत घ्यायचा, घर्र घर्र फिरवायचा आणि 'नो डिस्क' दाखवायचा. रेणुकानं गोरखला फोन केला. गुरुवारची गेलेली लाईट सातला आली, दुकानातली अडलेली कामं उरकून त्याला यायला आठ वाजले. पोरगा कामावर. घरात ही दोघंच.

गोरखनं सीडी मऊ फडक्यानं मधनं कडेकडं सरळ पुसली. गोल पुसली की चरे वाढत्यात, म्हणला. नो डिस्क. झाकण खोललं, काडीच्या कापसाला स्पिरीट लावून भिंग पुसलं. स्वतःजवळची लग्नाच्या गाण्यांची सीडी घातली, ती दोन हिसके खाऊन वाजली. रेणुकाची घातली. नो डिस्क. भिंगाजवळचा बारीक स्क्रू जरासा फिरवला, त्यानं लेझरला जोर येतो. तरी नो डिस्क.

"सीडीच संपली, वयनी," म्हणत त्यानं ती काढून तिच्या हातात दिली. "जुनी झाली की थर उडतो."

"मग कॅसेट हाय की तुमच्याकडं. दुसरी करून द्या. उद्या सकाळी मला त्यांचा आवाज पाहिजे."

"शोधाय लागंल..."

"म्हंजी? जपून न्हाई ठिवली व्हय?"

गोरख खाली मान घालून हत्यारं पिशवीत भरायला लागला.

आणि मोटर फिरली.

झाकण उघडं. आत काय न्हाई. नुसतं भिंग वर बघतंय. सीडी रेणुकाच्या हातात. गोरखनं बटण दाबलं. परत दाबलं. मोटर थांबंना.

स्पीकरमदनं कुणीतरी श्वास घेतला.

मग...

"सांग, गोरख्या."

'स'ला शिट्टी.

"अवं..." रेणुकाच्या तोंडातनं एवढंच फुटलं. अंगावर काटा आणि डोळ्याला धार. भ्यावं का हसावं तिला कळंना.

"सांग."

गोरखनं गुडघे टेकले. "वयनी... दहाव्यावरनं घरी गेलो. कॅसेट लावली. तिच्यावर माज्या पोरीच्या बारशाचा गोंगाट. मीच भरलेला, खाली काय हाय ते न बघता. कावळा तर शिवलेला... आता कुठल्या तोंडानं सांगायचं? मग दुकान आतनं लावून घेतलं, आणि मीच गायलो. हौशीसारखा आवाज काढून."

मोटर थांबली.

रेणुकानं हातातल्या सीडीकडं बघितलं.

"चौदा वर्षं," रेणुका म्हणली. "चौदा वर्षं मी तुमचा आवाज उशाला घेऊन निजले, भावजी?"

तो रडाय लागला. तिला त्याची दया आली न्हाई.

"कॅसेट पुसली म्हणला असता, तर एकदाच रडून मोकळी झाले असते. तुमचं ऐकून ऐकून त्यांची शिट्टी विसरत चाललेवते मी. कशी वाजायची ते आठवंना झालंवतं. कुणा वैऱ्यानंबी असं केलं नसतं." आणि मग ती हुंदके देत खाली बसली. "उठा. उंबऱ्याच्या भाईर व्हा."

गोरख गेला. पिशवीबी तितंच राहिली. परत ती न्यायलाबी आला न्हाई.

दुसऱ्या दिवशी रेणुकाच्या पोरानं, गणेशनं, ती सीडी कामशेतला कंप्युटरवर लावून बघितली. पयल्या झटक्यात वाजली. पर भजन न्हाई तिच्यात. तिच्यात आदल्या रातचं बोलणं. गोरखची कबुली, रेणुकाचे हुंदके, सगळं. प्लेअर निस्ता वाजवायचा, भरायचा न्हाई. आणि सीडी तर हिच्या हातात व्हती!

हौशीराम मातर त्यात न्हाई. तो जितं बोलला तितं नुसती शांतता हाय. श्वासाचासुद्धा आवाज न्हाई.

रेणुकानं नवा प्लेअर घेतलाय. सांजच्याला दिवा लावती आणि तीच सीडी लावती. ती शांतता आली की स्पीकरला कान लावून बसती. आणि गोरख बोलायच्या आत बंद करती.