नाहीच असं समजा

टेपवाल्यांना घरं दाखवायचा कंटाळा आला त्याला आता सात-आठ वर्षं झाली होती. पण कंटाळा आला म्हणून पोट थांबत नाही, तेव्हा ते दाखवत होते. धंदा जुनी घरं विकून देण्याचा. वय अठ्ठावन्न, आणि गुडघे वयाला मागे टाकून पुढे गेलेले. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ते कुणी वाचत नसे. कुठलंही घर विकायला घेतलं की ते आधी स्वतः मोजायचे. बाकीचे दलाल खिशातलं लाल उजेडाचं यंत्र भिंतीवर धरून मोकळे व्हायचे. टेपवाल्यांकडे मात्र चामड्याच्या डबीतली कापडी टेप होती, बाजूची दांडी फिरवून गुंडाळायची. टेपचं शून्याकडचं टोक घरातल्या माणसाने धरायचं, डबी यांनी. दुसऱ्या टोकाला त्या घरात राहणाऱ्याचा हात असला की आकडा खोटा पडत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. आकडे ते चौकटीच्या वहीत लिहीत आणि वही कुणाला देत नसत.

कंटाळ्याचं कारण घरं नव्हती, टीव्ही होता. दर शनिवारी संध्याकाळी एक कार्यक्रम लागायचा. सदा हसऱ्या नवराबायकोची जोडगोळी एखाद्या जुन्या घरात शिरायची, भिंतीवर टकटक करायची, मग घण घेऊन ती पाडायची, आणि जाहिराती धरून तासाभरात अंधाऱ्या घराचं लख्ख दिवाणखान्यात रूपांतर व्हायचं. शेवटी घरमालक तोंडावर हात ठेवून रडायचे. रविवारी सकाळी तो कार्यक्रम पाहिलेली मंडळी टेपवाल्यांकडे यायची. नळाला पाणी येतं का, छत गळतं का, हे विचारणारं गिऱ्हाईक नामशेष झालं होतं. आता यायचे ते दारातच थबकायचे, नाक मुरडायचे आणि बोटांच्या पेरांनी भिंत वाजवून विचारायचे, ही काढता येईल ना?

पहिल्यापहिल्यांदा टेपवाले हुज्जत घालत. मग शहाणे झाले. त्यांनी एक वाक्य तयार केलं आणि ते इतकं चाललं की दुसरं काही बोलायची गरजच उरली नाही. "ही भिंत नाहीच असं समजा," ते म्हणायचे. गिऱ्हाईक डोळे किलकिले करायचं, आणि त्याच्या चेहऱ्यावर शनिवारचा उजेड पसरायचा. स्वतः टेपवाले तेव्हा काहीही समजत नसत. पुढच्या घराची किल्ली कुठल्या खिशात आहे ते चाचपत असत.

ताईंचं घर गल्लीच्या टोकाला होतं. बैठं, चार खोल्यांचं, दणकट. ताई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, सहासष्ट वर्षांच्या, एकट्या. एकट्या म्हणजे लग्न न केलेल्या. सोबत धाकटा भाऊ होता. तोही साठीला आलेला, पण ताई त्याला धाकटाच म्हणत. मागच्या आठ बाय दहाच्या खोलीत बसून तो जुने रेडिओ दुरुस्त करायचा आणि खोकायचा. खोकला लहानपणापासूनचा, ताईंनी वाढवलेला, म्हणजे धाकट्याला वाढवता वाढवता तोही वाढलेला. त्याच्यासाठीच घर विकायचं होतं. दवाखान्याला लागून तळमजल्यावर दोन खोल्यांची जागा ताईंनी बघून ठेवली होती. एक खोली त्यांना, एक त्याला. बाकी त्यांना काही नको होतं.

मोजायच्या दिवशी टेपचं टोक धाकट्याने धरलं. त्याच्या डाव्या अंगठ्याचं नख काळं होतं, कधीकाळी हातोडी बसल्याचं. त्या अंगठ्याने तो टोक भिंतीच्या कोपऱ्यात असं घट्ट दाबून धरायचा की टेपवाल्यांना कौतुक वाटलं. मोजून झाल्यावर त्याने खोकत विचारलं, "विकलं की मला नेणार ना नक्की?"

"म्हणजे काय, तुमच्यासाठीच चाललंय हे," टेपवाले म्हणाले, आणि वही मिटली.

पहिल्या गिऱ्हाइकाला स्वयंपाकघराची भिंत खटकली. टेपवाल्यांनी ठेवणीतलं वाक्य म्हटलं. पुढच्या रविवारी दुसऱ्यांना घेऊन गेले तेव्हा ती भिंत नव्हती.

पाडलेली वाटत नव्हती. खाली माती नाही, वर छताला चीर नाही, फरशीवर भिंतीची खूण नाही. त्यांनी ताईंना विचारलं, काम कधी काढलंत? कुठलं काम, ताई म्हणाल्या, हे पहिल्यापासून असंच आहे, बसल्या जागेवरून गॅस दिसतो म्हणून तर दूध उतू जात नाही. टेपवाल्यांनी वही काढून पाहिली. वहीत स्वयंपाकघर होतं, लांबीरुंदीसकट. चुकलो असेन, त्यांनी स्वतःला सांगितलं. चष्म्याचा नंबर वाढला असेल.

दुसऱ्यांना खिडकी लहान वाटली. त्याच्या पुढच्या रविवारी खिडकी गुडघ्यापासून छतापर्यंत होती आणि काचेवर जुना पाऊस वाळल्याचे डागही होते.

आता टेपवाले खुळे नव्हते. आपल्या तोंडून वाक्य निघतं, गिऱ्हाईक डोळे किलकिले करतं आणि आठवड्याने ते तसं झालेलं असतं, एवढा हिशेब त्यांना समजत होता. त्यांनी थांबायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर घर आता छान दिसू लागलं होतं. गिऱ्हाइकं दारात नाक मुरडायची बंद झाली होती. ताईंची घाई होती, यांचे पाय दुखत होते, आणि कुणाचं काही बिघडत नव्हतं. ते गप्प बसले.

तिसरी आली ती चष्मेवाली. तिशीची, हुशार, बोलकी. सोबत नवरा, जो तिच्या प्रत्येक वाक्याला मान हलवायचा. टेपवाल्यांनी मनात त्याचं नाव होयबा ठेवलं. दोघांना घर आवडलं. मोठी खिडकी आवडली, उघडं स्वयंपाकघर आवडलं. मग चष्मेवालीने मागच्या खोलीत डोकावलं. आत अंधार होता. रेडिओंचे सांगाडे, डिंकाचा आणि बामाचा वास, आणि मधोमध स्टुलावर खोकणारा धाकटा.

"एवढीच खोली सगळ्याची मजा घालवतेय," ती हळू आवाजात म्हणाली. तेवढ्याशा घरात हळू म्हटलेलंही ऐकू जातं.

त्या दिवशीचं टेपवाल्यांचं ते पाचवं घर होतं. बुटात पाय सुजले होते. त्यांनी विचार केला असं म्हणता येणार नाही. तोंडाला सवय होती, तोंड बोललं.

"ही खोली नाहीच असं समजा."

धाकट्याने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. चष्मेवालीने डोळे किलकिले केले.

टेपवाले चार दिवसांनी, कामाच्या दिवशी, एकटेच गेले. त्यांना झोप लागत नव्हती. ताईंनी दार उघडलं. दिवाणखाना लांबच लांब पसरला होता. टेपवाल्यांनी एका खुर्चीला टेपचं टोक अडकवून मोजलं. बरोबर आठ फूट जास्त.

"धाकटा कुठाय?" त्यांनी विचारलं.

"कोण धाकटा?"

"तुमचा भाऊ, ताई."

ताई हसल्या. आईवडिलांची मी एकुलती, म्हणाल्या. चहा टाकते, बसा. चहा टाकताना त्यांनी फ्रिज उघडला आणि आतली एक बाटली काढून चष्मा लावून वाचत राहिल्या. खोकल्याचं औषध होतं. दर महिन्याला मी हे आणते बघा, त्या म्हणाल्या, आणि मग फेकून देते. कशासाठी आणते, काही सुधरत नाही. वयच झालं. चहा त्यांनी तीन कप केला होता.

टेपवाल्यांना भडभडून आलं. त्या माणसाने विश्वासाने टोक धरलं होतं आणि आपण त्याला पाय दुखतात म्हणून घालवलं. मोकळ्या जागेत उभं राहून ते मोठ्याने म्हणाले, इथे खोली आहे असं समजा. काहीच झालं नाही. समजायची सवय त्यांना कधी नव्हती, ते काम गिऱ्हाइकांचं.

मग त्यांनी गिऱ्हाइकं आणायचा सपाटा लावला. प्रत्येकाला त्या जागी उभं करायचे आणि विनवायचे, इथे एक लहान खोली आहे असं समजा. अंधारी, आठ बाय दहा, आत रेडिओ. माणसं त्यांच्याकडे बघत राहायची. एक जण म्हणाला, काका, लोक खोल्या काढतात, तुम्ही घालताय होय? दुसऱ्याने खरोखर प्रयत्न केला, डोळे मिटले, कपाळाला आठ्या घातल्या आणि हात टेकले. अंधारी खोली कुणी मनात आणायला ती कुठेतरी पाहिलेली हवी, आणि शनिवारच्या कार्यक्रमात अंधारी खोली पहिल्या दहा मिनिटांनंतर कधीच नसे.

शेवटी त्यांनी चष्मेवालीलाच बोलावलं. ती घर घ्यायला तयारच होती. टेपवाल्यांनी हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले. म्हाताऱ्याची समजूत म्हणून तिने डोळे मिटले.

"बरं. एक कोपरा आहे," ती म्हणाली. "काचेचं पार्टिशन. भरपूर ऊन. एक आरामखुर्ची, दोन कुंड्या. छान."

"खुर्चीत माणूस आहे," टेपवाले घाईने म्हणाले. "साठीचा. शर्टाला डाग आहेत. खोकतोय."

चष्मेवाली डोळे मिटूनच हसली. "खोकला कशाला, काका?"

रविवारी तो परत आला होता.

काचेच्या पार्टिशनमागे उन्हात, आरामखुर्चीत, दोन कुंड्यांच्या मध्ये. दाढी गुळगुळीत, केस नीट विंचरलेले, अंगात दुधाच्या रंगाचा स्वेटर. चेहरा धाकट्याचाच. टेपवाले त्याच्यासमोर वाकले आणि म्हणाले, मला ओळखलंत? मी टेपवाला. माझं चुकलं हो.

"इथे खूप छान वाटतं," धाकटा हसून म्हणाला.

त्याची दहाही नखं गुलाबी होती. सगळी सारखी.

ताईंचा आनंद गगनात मावत नव्हता. त्याला सगळं आठवत असल्यासारख्या त्या त्याच्याशी बोलत होत्या, लहानपणचं, शाळेचं, आईचं. टेपवाल्यांना जरा बरं वाटलं. माणूस परत आला, थोडा बदलून आला, चालायचंच. निघताना ताई त्यांच्यामागे दारापर्यंत आल्या.

"खोकला गेला बघा त्याचा," त्या म्हणाल्या. "जेवत मात्र नाही."

"भूक नसेल."

"खुर्चीतून उठतच नाही हो तो."

टेपवाल्यांनी सुजलेले पाय बुटात कोंबले.

घर चष्मेवालीने घेतलं. ताबा द्यायच्या दिवशी ताईंच्या दोन बॅगा दारात तयार होत्या. दवाखान्याजवळच्या जागेची किल्ली त्यांच्या मुठीत होती. दोन खोल्यांची. आत जाऊन त्यांनी धाकट्याला चल म्हटलं, मग हाताला धरलं, मग त्याच्या पायाशी बसून राहिल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे कोरडे आणि दमलेले होते. "नाही येत म्हणतो," त्या म्हणाल्या. "इथेच छान वाटतं म्हणतो." खोकल्याची बाटली त्यांनी बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवली, टेपवाल्यांना नमस्कार केला आणि गाडीत बसल्या.

चष्मेवालीने त्या कोपऱ्याबद्दल काही विचारलं नाही. खुर्ची जरा खिडकीकडे हवी होती, एवढं म्हणाली. होयबा सरकवायला पुढे झाला, पण त्याचा हात लागण्याआधीच धाकट्याने तोंड खिडकीकडे वळवलं होतं.

ताबा देताना शेवटचं माप घ्यायचं, हा टेपवाल्यांचा नेम होता. त्यांनी टेपचं टोक धाकट्याच्या हातात दिलं. त्याने ते धरलं. डबी घेऊन ते मागे मागे सरकत दिवाणखान्याच्या मधोमध आले आणि दम लागून तिथेच थांबले.

चष्मेवाली सामान कुठे लावायचं ते ठरवत होती. तिची नजर खिडकीवरून फिरली, ओट्यावरून फिरली आणि टेपवाल्यांवर येऊन थांबली. झुकलेले खांदे, मळकी कॉलर, सुजलेले पाय. तिने मान जराशी तिरकी केली. ती नजर त्यांनी हजारदा पाहिली होती, भिंतींकडे बघतानाची.

"काका, तुम्ही तसेच उभे राहा," ती म्हणाली. "इथे कुणी नाहीच असं समजून बघते एकदा."

टेपवाल्यांनी घाईघाईने डबीची दांडी फिरवायला घेतली. टेप ताणली गेली आणि अडली. त्यांनी वळून पाहिलं.

धाकट्याने टोक सोडलं नव्हतं. खुर्चीच्या हातावर त्याने ते डाव्या अंगठ्याने दाबून धरलं होतं, सगळा जीव लावून, आणि त्या अंगठ्याचं नख हळूहळू काळं पडत होतं.

चष्मेवालीने डोळे मिटले.