पुढच्याला हाक मारायची नाही

तुम्ही विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. मी तिथे होते, आणि आईचा हात माझ्या तोंडावर होता.

ऑगस्ट संपत आला होता. उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या आमच्या ओल्ड क्रो गावाच्या वरच्या अंगाला, पॉर्क्युपाइन नदीच्या काठावर आमचा तंबू होता. कॅरिबू हरणांचे कळप दरवर्षी तिथूनच पोहून पलीकडे जातात.

माझा मोठा भाऊ एनॉक आदल्या वर्षी याच जागी बुडाला.

होडी सापडली. तो सापडला नाही.

नदीवरचा बर्फ फुटल्यापासून आई इथेच तंबू ठोकून बसली होती. त्या संध्याकाळी सायमनमामा तिला न्यायला आला.

"ताई, चल आता. तुझा खोकला ऐकून कॅरिबूसुद्धा रस्ता बदलतील."

"बदलू देत. तू चहा पी आणि गप्प बस," आई म्हणाली आणि पुन्हा खोकली. कोरडा खोकला, नेहमी दोनदा यायचा. "माझ्या पोराला इथे टाकून मी येणार नाही."

मामाने चहाचा पेला उचलला.

मग धुकं उतरलं.

आधी आमचा कुत्रा गप्प झाला. पोट जमिनीला टेकवून पडून राहिला...

मग आवाज आला.

टक्... टक्... टक्...

कॅरिबू चालताना त्यांच्या पायांतून येतो, तोच. आम्ही तो पाळण्यापासून ओळखतो. शेकडो पाय होते, अगदी तंबूला लागून.

पण ओल्या केसांचा वास नव्हता. धुक्यात काहीच हलत नव्हतं.

"आले," मामा पुटपुटला. त्याने बंदूक उचलली नाही. पहिल्या टोळीवर आमच्यात कोणीच उचलत नाही. पुढचे बिचकले, तर सगळा कळप मागे फिरतो.

पाणी खळबळलं...

आणि सगळ्यात पुढे कोणीतरी शीळ घालत होतं.

बेसूर. पडलेल्या दाताच्या फटीतून हवा निसटणारी.

एनॉकची.

मी हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात आईचा हात आला.

"पुढच्याला हाक मारायची नाही," ती माझ्या कानात म्हणाली. "वळून येईल, आणि पुन्हा त्याच पाण्यात अडकेल. जाऊ दे गं त्याला."

तिची आसवं माझ्या गालावर पडत होती.

शीळ पलीकडच्या काठावर चढली... लांब गेली... थांबली.

सकाळी आम्ही होडीने पलीकडे गेलो. कळप पोहून गेला की पाण्यावर केस तरंगत राहतात. एकही केस नव्हता. चिखलात एकही खूर उमटला नव्हता.

फक्त एका माणसाच्या बुटांचे ठसे होते. पाण्यातून निघालेले, गवतात संपलेले. उजव्या टाचेला ठिगळ. ते आईनेच लावलं होतं.

ती तिथेच बसून पोटभर रडली. मग परत येऊन स्वतःच तंबूच्या दोऱ्या सोडायला लागली.

पुढच्या वसंतात आई गेली.

काल संध्याकाळी मी त्याच काठावर होते. धुकं होतं.

टक्... टक्...

शीळ आली. आणि शिळेच्या मागोमाग...

खोकला. कोरडा. दोनदा.

आई म्हणून एकदा, एकदाच हाक मारावी असं फार वाटलं. मी माझ्याच हाताने माझं तोंड दाबून धरलं.

आज सकाळी पलीकडे ठसे बघायला मी गेले नाही.